कुंडीच्या मातीत कोणती रेती घालावी? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

कुंडीत रेती घालायचीच कशाला?

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. कुंडीत पाणी घातलं की ते मातीच्या फटींमधून खाली जातं आणि रिकाम्या झालेल्या मोठ्या फटींमध्ये हवा शिरते. फटी बारीक असतील तर पाणी तिथेच अडकून राहतं आणि मुळं कुजतात. जाड रेतीच्या दाण्यांमध्ये मोठ्या फटी तयार होतात, म्हणून ती घालायची. शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वर्ष-दोन वर्षांत कुजून बसतात, रेती तशीच राहते. मिश्रणाचा सांगाडा टिकवून धरणारी ती वस्तू आहे.

रेतीत अन्न जवळपास नसतंच. तिच्याकडून खताची अपेक्षा ठेवू नका.

काळ्या मातीत थोडी रेती मिसळली की माती मोकळी होते ना?

नाही. नागपुरात कुंड्या वाया जाण्याचं एक मोठं कारण हाच समज आहे.

आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार असतं आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात शेताला पडलेल्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. तेच कुंडीत होतं. माती आकसून कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

आता चिक्की आठवा. गुळात दाणे मोजकेच असतील तर ते गुळात बुडून राहतात, फटी होत नाहीत, उलट वडी जास्त टणक होते. काळ्या मातीत दहा-वीस टक्के रेती घातली की हेच घडतं. दाणे चिकणमातीत रुतून बसतात आणि सुकल्यावर वीट तयार होते. दाणे एकमेकांना टेकतील इतकी रेती असली तरच त्यांच्यामधून पाणी वाहतं. त्यासाठी रेती आणि विटांच्या चुऱ्यासारखे जाड पदार्थ मिळून मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास जायला हवेत, आणि चिकणमाती पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे: काळी माती वापरायची तर रेती भरपूर घाला, नाहीतर रेती अजिबात न घालता कंपोस्ट वाढवा. मधला मार्ग सर्वांत वाईट.

मग दुकानात नेमकी कोणती रेती मागायची?

बांधकाम साहित्याच्या दुकानात रेती कामावरून ओळखली जाते. प्लास्टरची रेती बारीक असते, जोडाईची मध्यम आणि स्लॅबची जाड. कुंडीसाठी स्लॅबची, म्हणजे काँक्रीटची जाड रेती मागा. प्लास्टरची रेती दिसायला स्वच्छ आणि सुंदर असते, म्हणून लोक तीच उचलतात. पण तिचे दाणे मोठ्या फटींमध्ये जाऊन बसतात आणि निचरा वाढण्याऐवजी कमी होतो.

अभियंते रेतीचे आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे चार झोन करतात. झोन १ सर्वांत जाड, झोन ४ सर्वांत बारीक. दुकानदाराला झोन माहीत असेल तर १ किंवा २ मागा. ३ आणि ४ कुंडीसाठी घेऊ नका.

नागपुरात कन्हान नदीची रेती प्रसिद्ध आहे. ती मुख्यतः फिकट रंगाच्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झ या कडक खनिजाची असते. क्वार्ट्झ पाण्यात विरघळत नाही, मातीचा सामूही (pH) बदलत नाही, त्यामुळे कुंडीला ती उत्तम. मात्र ‘कन्हानची’ एवढंच ऐकून घेऊ नका. एकाच घाटावर जाड रेती निघते आणि गाळमिश्रित बारीकही निघते. नावापेक्षा दाणा बघा: मूठभर रेती तळहातावर पसरली की बहुतेक दाणे मोहरीपासून ज्वारीपर्यंतच्या आकाराचे दिसले पाहिजेत. रव्यासारखी दिसली तर परत ठेवा.

दाण्याचा आकार घरी कसा मोजायचा?

दोन चाळण्या पुरतात. पहिली गवंडी वापरतात ती रेती चाळायची जाळी, साधारण ४ ते ५ मिलिमीटर भोकांची. दुसरी खिडकीला लावतात ती मच्छरजाळी, तिची भोकं साधारण सव्वा मिलिमीटरची असतात. लाकडी चौकटीला जाळी ताणून खिळे ठोकले की चाळणी तयार.

रेती आधी जाड जाळीतून गाळा. वर उरलेले खडे आणि शिंपल्यांचे तुकडे बाजूला काढा. खाली आलेली रेती मच्छरजाळीवर चाळा. जाळीवर राहील तो माल तुमचा, सव्वा ते चार मिलिमीटरचा. निवडुंग, अडेनियम, कोरफड यांना हाच लागतो. गुलाब, जास्वंद, तुळस अशा झाडांना इतकं काटेकोर असण्याची गरज नाही. त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातल्या रवा चाळायच्या चाळणीवर उरलेली रेतीही चालते.

दोन्ही चाळण्या लावल्या तर चांगल्या जाड रेतीतूनही तिसरा ते निम्मा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, बाद होतो, हे गृहीत धरूनच रेती घ्या. खाली पडलेली बारीक रेती अंगणातल्या फरश्यांच्या सांध्यात भरायला कामी येते.

चाळताना रेती किंचित ओलसर ठेवा आणि नाकातोंडावर मास्क लावा. गारेची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते. लहान मुलांना या कामाजवळ बसवू नका.

रेतीत गाळ किती आहे हे कसं कळेल?

एक लिटरची पारदर्शक, सरळ बाजूंची बाटली किंवा बरणी घ्या.

१. एक तृतीयांश रेती भरा.
२. तीन चतुर्थांशापर्यंत पाणी घालून चमचाभर मीठ टाका. मिठाने बारीक गाळ लवकर खाली बसतो.
३. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि सपाट जागी तीन तास न हलवता ठेवा.
४. खाली रेती आणि तिच्यावर गाळाचा मऊ थर वेगळा दिसेल. पट्टीने दोन्हींची उंची मोजा.

रेतीचा थर १०० मिलिमीटर आणि गाळाचा ५ असेल तर गाळ ५ टक्के. तेवढ्यापर्यंत रेती एक-दोन पाण्यांतून काढली की पुरे. ५ ते १० टक्क्यांमध्ये नीट धुवावी लागते. त्याहून जास्त असेल तर धुण्यात पाणी आणि पाठ दोन्ही जातात, दुसरीकडून घ्या. चाचणीची मीठ लागलेली रेती कुंडीत टाकू नका.

घाईत असाल तर ओली रेती मुठीत आवळून सोडा. तळहातावर चिखलाचा डाग राहिला तर गाळ आहे.

धुवायची कशी?

वीस लिटरच्या बादलीत तिसरा हिस्सा रेती घ्या, वरपर्यंत पाणी भरा, हात खालपर्यंत घालून ढवळा, दहा सेकंद थांबा आणि गढूळ पाणी ओता. दहा सेकंदांत जाड दाणे खाली बसतात, गाळ पाण्यातच तरंगत असतो. जास्त थांबलात तर गाळही खाली बसेल आणि धुणं फुकट जाईल. पाणी ताकासारखं पांढुरकं न राहता जवळपास नितळ येईपर्यंत, साधारण तीन ते पाच वेळा, हे करा. गढूळ पाणी नालीत सोडू नका, नाली तुंबते. जमिनीवरच्या झाडांना घाला.

रेतीत चुना असला तर काय बिघडतं?

काळ्या मातीत आणि काही ठिकाणच्या रेतीत चुनखडीचे पांढरट खडे असतात. ते हळूहळू विरघळून मिश्रणाचा सामू वाढवतात. सामू वाढला की मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. विदर्भातल्या चुनखडीच्या जमिनीत संत्र्याच्या बागांना हा त्रास होतो, आणि कुंडीतल्या लिंबू, मोगरा, जास्वंदालाही तसाच होतो. लोक याला खताची कमतरता समजून युरिया घालत राहतात, पानं मात्र पिवळीच.

चाचणी सोपी. चमचाभर धुतलेली, कोरडी रेती वाटीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर ओता. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. फसफसून बुडबुडे आले तर चुना आहे. एखाददुसरा बुडबुडा चालेल. सतत फेस येत असेल तर ती रेती या झाडांसाठी नको. शोभेचे पांढरे संगमरवरी खडेही याच कारणाने कुंडीत मिसळू नयेत. बोअरवेलचं जड पाणी घालत असाल तर दुप्पट काळजी घ्या, कारण त्यातूनही चुना येतच असतो.

क्रश सॅण्ड किंवा गिट्टीची चुरी चालेल का?

चालेल, पण धुऊन. नागपूरच्या आसपासच्या खाणींतली करडी-काळी चुरी बेसाल्ट दगड फोडून झालेली असते. दाणे कोनेदार असल्यामुळे एकमेकांत अडकतात आणि उंच झाडाला चांगला आधार देतात. अडचण धुळीची आहे. दगड फोडताना पिठासारखी भुकटी तयार होते, आणि आयएस ३८३ सुद्धा फोडलेल्या रेतीत १५ टक्क्यांपर्यंत भुकटी चालवून घेतं, नदीच्या रेतीत फक्त ३ टक्के. काँक्रीटला ती भुकटी चालते, मुळांना नाही. पाणी पडलं की ती थापीने लिंपल्यासारखी बसते. मच्छरजाळीवर पाण्याचा फवारा मारत धुतलेली २ ते ४ मिलिमीटरची चुरी अडेनियमला नदीच्या रेतीइतकीच चांगली. न धुतलेली चुरी आम्ही कोणालाच सुचवणार नाही.

घराच्या बांधकामातून उरलेली रेती वापरू का?

ढीग वेगळा, स्वच्छ असेल तर वापरा. सिमेंट कालवलेल्या जागेवरची रेती घेऊ नका. सिमेंट फार अल्कधर्मी असतं, मुळांची टोकं जळतात, आणि हा दोष दोन-चार वेळा धुऊन निघत नाही. अशा रेतीत करडे कडक गोळे दिसतात. व्हिनेगरची चाचणी इथेही करा.

नदीवरून स्वतः भरून आणली तर?

नाग नदी आणि पिली नदीत शहराचं सांडपाणी येतं, तिथली रेती भाजीच्या कुंडीत तर नकोच. इतर नद्यांतूनही परवानगीशिवाय रेती काढणं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंडनीय आहे. दुकानातून पोत्यानं घ्या. पावसाळ्यात घाटांवरचा उपसा बंद असतो, त्यामुळे रेती महाग होते आणि मिळते ती ओली-गाळाची. एप्रिल-मे मध्येच घेऊन ठेवणं बरं.

मुरूम किंवा वीज केंद्राची राख रेतीऐवजी घालता येईल का?

मुरूम चाळून, ३ ते ६ मिलिमीटरचे कडक खडे निवडून घेतले तर चालतात. बोटांनी चुरडणारा मुरूम घेऊ नका, वर्षभरात त्याची माती होते.

कोराडी, खापरखेड्याच्या बाजूची राख पुष्कळ आणि सहज मिळते, म्हणून हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर नाही असंच आहे. उडती राख रेतीपेक्षा फार बारीक असते, फटी बुजवते, आणि तिच्यात क्षार व बोरॉन असतात. शेतात मोजून, माती तपासून ती वापरणं वेगळं. कुंडीच्या दहा-पंधरा लिटरमध्ये चूक सुधारायला जागा नसते.

लाल भाजलेल्या विटांचा चुरा मात्र उत्तम. तो फटीही ठेवतो आणि स्वतःच्या छिद्रांत थोडं पाणीही धरतो. राखेच्या करड्या विटा फोडू नका, त्यात सिमेंट किंवा चुना असतो.

कोणत्या झाडाला किती रेती?

सगळी मापं आकारमानाने, एकाच घमेल्याने किंवा डब्याने मोजायची. वजनाने मोजलं तर रेती फार कमी पडेल, कारण एक लिटर कोरडी रेती दीड किलोच्या वर भरते आणि एक लिटर कोकोपीट त्याच्या काही अंशच.

गुलाब, मोगरा, जास्वंद, लाल किंवा पोयट्याची माती असेल तर: माती ४, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, जाड रेती २, कोकोपीट १.

हीच झाडं, हाताशी फक्त काळी माती असेल तर: काळी माती २, जाड रेती ३, विटांचा चुरा २, खत २, कोकोपीट १. काळी माती पूर्ण सुकवून, ढेकळं फोडून, चाळूनच घ्या. ओली मिसळली तर तिचे गोळे तसेच राहतात.

कुंडीतलं लिंबू किंवा संत्रं: लाल माती ३, खत ३, जाड रेती ३, कोकोपीट १. चुन्याची चाचणी केल्याशिवाय रेती घालू नका.

अडेनियम, निवडुंग, कोरफड: सव्वा ते ४ मिलिमीटरची रेती ४, विटांचा चुरा ३, गांडूळखत २, लाल माती १.

वांगी, टोमॅटो, मिरची: माती ३, खत ४, रेती २, कोकोपीट १. यांना पाणी जास्त लागतं, रेती वाढवू नका.

बिया रुजवायला: कोकोपीट ५, चाळलेलं गांडूळखत ३, एक-दोन मिलिमीटरची धुतलेली रेती २.

नेचे आणि इतर ओलावाप्रिय घरातली झाडं रेतीवाचूनच बरी.

मिश्रण झाल्यावर आकारमान घटतं. बारीक पदार्थ जाड दाण्यांच्या फटीत जातात, त्यामुळे दहा घमेल्यांचं साधारण आठच घमेली होतं. बारा इंची दहा कुंड्यांना, प्रत्येकी १५ लिटर धरून, १५० लिटर मिश्रण लागेल. म्हणजे सुटे पदार्थ १८० लिटरच्या आसपास. त्यात ३० टक्के रेती म्हणजे ५४ लिटर, आणि चाळण्याची घट धरून ९० ते १०० लिटर विकत घ्यावी. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात साधारण ३५ लिटर रेती बसते, तेव्हा तीन पोती.

मिसळताना कशाकडे लक्ष द्यायचं?

कोरडी रेती आणि कोरडं कोकोपीट एकत्र केलं तर जड रेती खाली घसरते, हलकं कोकोपीट वर राहतं. कोकोपीट आधी भिजवून पिळून घ्या. ताडपत्रीवर माती आणि खत पसरा, वर कोकोपीट, वर ओलसर रेती. मग ताडपत्रीची चारही टोकं आळीपाळीने ओढून ढीग पलटवा, दहा-बारा वेळा. मूठभर मिश्रण आवळलं की गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं की लगेच फुटावा. फुटला नाही तर रेती किंवा विटांचा चुरा वाढवा. गोळाच झाला नाही तर खत वाढवा.

कुंडी भरण्याआधी एक चाचणी कराच. लिटरभराच्या बाटलीचा तळ कापा, तोंडावर कापड बांधून उलटी करा, मिश्रण भरून पूर्ण भिजवा. तासाभराने वरून पेलाभर पाणी ओता. पाणी एक-दोन मिनिटांत जिरून खालून टपकायला लागलं तर ठीक. पाच मिनिटांनंतरही वर साचलेलं दिसलं तर या मिश्रणात पावसाळा निघणार नाही.

तळाशी गिट्टी किंवा रेतीचा थर द्यावा का?

नको. पाणी बारीक फटींच्या मातीतून खालच्या मोठ्या फटींच्या थरात सहज उतरत नाही. थराच्या वरची माती भिजून गच्च होईपर्यंत ते तिथेच थांबतं. म्हणजे ओल तळाशी साचण्याऐवजी तुम्ही तिला मुळांच्या जवळ उचलून ठेवलीत. छिद्रावर खापराचा एक तुकडा उपडा ठेवा, पुरे. छिद्रं पुरेशी मोठी आहेत ना, ते आधी बघा.

गच्चीवर वजनाचं काय?

बारा इंची कुंडीत ४० टक्के रेती म्हणजे फक्त रेतीचंच ९ ते १० किलो वजन. त्यात पाणी आणि माती. गच्चीवर पन्नास कुंड्या ठेवायच्या असतील तर निम्म्या रेतीऐवजी धानाच्या तुसाचा कोळसा वापरा. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचं तूस मिळवणं अवघड नाही. तूस काळं होईपर्यंतच जाळायचं आणि पाणी मारून विझवायचं. पांढरी राख झाली तर ती अल्कधर्मी असते, उपयोगाची नाही. कुंड्या भिंती आणि बीमच्या रेषेवर ठेवा. उंच, वाऱ्यात डुलणाऱ्या झाडांच्या कुंडीत मात्र रेती ठेवाच, वजनानेच ती उभी राहतात.

आपल्या उन्हात रेतीची कुंडी लवकर सुकत नाही का?

सुकते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात रेतीचं मिश्रण सकाळी भिजवलं तर संध्याकाळी परत पाणी मागतं. उपाय रेती कमी करण्यात नाही. जून ते सप्टेंबरच्या पावसात तीच रेती झाड वाचवते. उन्हाळ्यात कुंडीवर सुक्या पानांचं किंवा तुसाचं दोन इंची आच्छादन द्या, कुंड्या एकमेकांना चिकटवून ठेवा, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी लावा. आच्छादन मृगाच्या सरी आल्या की काढा.

कटिंगसाठी रेती कशी तयार करायची?

अर्धा ते एक मिलिमीटरची, स्वच्छ धुतलेली रेती एकटीच घ्या किंवा तेवढंच कोकोपीट मिसळा. खत अजिबात नको, कापलेलं टोक सडतं. रेती घमेल्यात घेऊन उकळतं पाणी ओता, निथळू द्या, थंड झाल्यावर वापरा. जास्त रेती असेल तर नागपूरचं ऊन कामाला लावा: ओलसर रेती पारदर्शक पॉलिथिनमध्ये तीन-चार इंच जाडीची पसरून कडा बंद करा आणि एप्रिलच्या शेवटापासून नवतपा संपेपर्यंत उन्हात ठेवा. रेती ओलसर हवीच, कोरड्या रेतीत बुरशीचे बीजाणू उष्णता सहन करतात.

झाड लावून झालंय आणि पाणी वरच साचतंय. आता काय?

वरून रेती ओतू नका, ती वरच बसते. आधी छिद्र तपासा, बहुतेकदा मुळांनी किंवा मातीने बुजलेलं असतं. मोकळं करूनही पाणी उतरत नसेल तर तात्पुरता उपाय म्हणून काडीने मुळं चुकवत कडेला सात-आठ उभी भोकं पाडा आणि त्यात विटांचा चुरा भरा. कायमचा उपाय म्हणजे मिश्रण बदलणं. अडेनियमसाठी फेब्रुवारी-मार्च आणि बाकीच्यांसाठी पावसाच्या पहिल्या सरींनंतरचे ढगाळ दिवस बरे.

आणि माती कडेपासून सुटून पाणी सरळ खाली जात असेल तर कुंडी टबात, पाणी काठापर्यंत येईल अशी, अर्धा तास बुडवून ठेवा. बुडबुडे थांबले की काढा.

जुन्या कुंडीतली रेती पुन्हा वापरता येते का?

येते. मिश्रण सुकवून मच्छरजाळीवर चाळा, वर राहिलेली रेती धुवा आणि उन्हात वाळवा. पांढरा क्षार चढला असेल तर बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवून पाणी टाकून द्या. झाड मूळकुजीने मेलं असेल तर मात्र उकळतं पाणी किंवा पॉलिथिनचा उपाय केल्याशिवाय ती रेती दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका.